प्रश्न चौदावा

अल नहदा, शारजा
४ फेब्रुवारी २०२५

चि. ईरा,

तू पाठवलेला प्रश्नांचा कागद मिळाला. बेचाळीस प्रश्न आहेत. माझ्याकडून आधी एकोणचाळीसच भरले गेले. पुन्हा मोजलं तेव्हा दोन पानं चिकटलेली निघाली. आता सगळे भरून या पत्रासोबत पाठवतो.

तू फोनवर म्हणालीस, ऑकलंडमध्ये सामोआ आणि टोंगा बेटांवरून आलेल्या कुटुंबांना हा कागद द्यायचा आहे, त्याआधी आपल्या माणसावर करून बघते, म्हणून मराठीत आणला. बहिणीच्या नातीने एवढ्या मानाने विचारलं तर नाही कसं म्हणणार. पण काही शंका आहेत.

हा कागद आणखी कोण बघणार? इन्शुरन्सवाले बघणार का? मे महिन्यात माझा व्हिसा रिन्यू व्हायचा आहे. मुलाच्या व्हिसावर राहणाऱ्या बापाचं हे दरवर्षीचं काम. कुणी म्हटलं की शारजातला हा म्हातारा न्यूझीलंडला तब्येतीबद्दल भलतंच लिहून पाठवतो, तर त्रास दत्तप्रसादला. तो बोलून दाखवत नाही, पण त्याच्या कपाळावर दिसतं.

म्हणून मी सगळीकडे 'उत्तम'वर खूण केली आहे. झोप उत्तम, भूक उत्तम, चालणं उत्तम. चौदावा प्रश्न, 'गेल्या तीस दिवसांत किती दिवस तुमची तब्येत बरी नव्हती?' तिथे शून्य लिहिलं आणि शून्याच्या पोटात रेघ मारली, म्हणजे कुणी त्याचा सहा किंवा आठ करणार नाही. हमरिया फ्री झोनमध्ये पाइपच्या कारखान्याचं स्टोअर अठ्ठावीस वर्षं सांभाळलं, तिथली ही सवय. मी रजिस्टरमध्ये कधी 'शॉर्ट', म्हणजे माल कमी, असं लिहिलं नाही. शॉर्ट लिहिलं की मालाच्या आधी माणसाची झडती होते.

एकतिसाव्या प्रश्नात तू विचारलंस, 'जगण्यात अर्थ वाटतो का?' हा सकाळी भरायचा की जेवल्यावर, ते लिहिलेलं नाही. मी जेवल्यावर भरला.

पत्र हाताने लिहून खालच्या टायपिंग सेंटरमधल्या मुझम्मिलकडून स्कॅन करून पाठवतो. कुंदाला सांगता आलं असतं, पण सूनबाई वाचल्याशिवाय काही पुढे पाठवत नाही. मुझम्मिल केरळचा. व्हिसाचे अर्ज अरबीत टाइप करतो, माझ्याशी हिंदीत बोलतो. मराठीचं अक्षर त्याला कळत नाही. तुझं उत्तरही तोच छापून देईल, तेव्हा तू निर्धास्त लिही.

हर्बर्ट डिसेंबरात बायको एमिलीला घेऊन वसईला गेला, कायमचा. वीस वर्षं रोज संध्याकाळी खालच्या बाकावर आम्ही दोघं बसायचो, तू लहानपणी आम्हाला पोलीस चौकी म्हणायचीस. आता बाक रिकामा असतो. मीही हल्ली उतरत नाही. थंडी फार असते.

तिकडे भूकंप होतात असं ऐकतो. झोपताना गॅस बंद करत जा.

तुझं भलं चिंतणारा,
वासूआजोबा

*

ऑकलंड
११ फेब्रुवारी

प्रिय वासूआजोबा,

नमस्कार. बेचाळीसच्या बेचाळीस उत्तम. आजोबा, तुमचा नातू तनिष सोळा वर्षांचा आहे, रोज फुटबॉल खेळतो, त्याचेही एवढे येणार नाहीत. तुमचं नाव कागदावर नाही आणि कुठलाही इन्शुरन्सवाला तो बघणार नाही. आता शांत व्हा.

आणि शांत झालात की माझं ऐका, कारण हे मी अजून आईलाही सांगितलेलं नाही. मी अडकले आहे.

आमचा सर्व्हे व्हायचा की नाही, हे इथल्या एका चर्चच्या वडीलधाऱ्या माणसांच्या हातात आहे. त्यांनी हो म्हटलं की अडीचशे कुटुंबं भाग घेतील. नाही म्हटलं तर एकही नाही, आणि माझं इथलं काम एप्रिलमध्ये खलास. त्यांच्या प्रमुख सिना म्हणून आहेत. सामोआच्या, वय एकाहत्तर, आयुष्यभर शाळेच्या किचनमध्ये नोकरी केलेल्या. मागच्या आठवड्यात मी चर्चच्या हॉलमध्ये गेले. सिनांनी तीन प्रश्न वाचले, पेन खाली ठेवलं आणि मला जेवायला वाढलं. मासे आणि उकडलेले कंद. मी जेवत असताना म्हणाल्या, "पोरी, हा कागद माणसाला असं विचारतो, जसं काही तो एकटाच खुंटीला टांगून ठेवलाय. माझी तब्येत माझ्या एकटीची नसते. नात रुसली असेल, भावाशी बोलणं बंद असेल, रविवारी चर्चला जाताना हात रिकामे असतील, तर ब्लड प्रेशर कितीही चांगलं असू दे, मी बरी नाही."

मी नाव न सांगता तुमचा कागद पुढे केला. म्हटलं, शारजातल्या एका आजोबांनी सगळा भरलाय, त्यांना काही अडचण आली नाही. सिना पानं उलटत गेल्या आणि हसायला लागल्या. "हा माणूस एक तर संत आहे," म्हणाल्या, "नाहीतर घाबरलेला."

मग त्यांनी अट घातली. ईस्टरच्या आधी असा कागद घेऊन ये, ज्यावर हाच माणूस खरं सांगेल. तुझ्या घरचा म्हातारा तुझ्या कागदाशी खरं बोलत नसेल, तर आमचे कशाला बोलतील?

तेव्हा माझा अख्खा सर्व्हे तुमच्यावर येऊन थांबलाय, आजोबा.

आणि एक. मी अठरा वर्षं तुमच्याच बिल्डिंगमध्ये वाढले. फेब्रुवारीत शारजात थंडी फार असते? फेब्रुवारीत तर सगळी शारजा घराबाहेर असते.

तुमची
ईरा

ता. क. माझ्याकडे गॅस नाही. इलेक्ट्रिक शेगडी आहे.

*

अल नहदा, शारजा
१७ फेब्रुवारी

चि. ईरा,

इलेक्ट्रिक शेगडी तर जास्त वाईट. गॅसची निदान ज्योत दिसते. शेगडी चालू आहे की बंद, हे हात ठेवल्यावरच कळणार.

सिनाबाईंना माझा नमस्कार सांग आणि मी घाबरलेला नाही हेही सांग. मला काळजी वाटते ती फक्त व्हिसाची, इन्शुरन्सची, लिफ्टची, दत्तप्रसादच्या नोकरीची, तनिषच्या परीक्षेची, तुझ्या शेगडीची आणि आता तुझ्या सर्व्हेची. काळजी वेगळी, भीती वेगळी.

पण तुझं काम माझ्यामुळे अडलं हे वाचल्यापासून घास उतरत नाही. तीन दिवस विचार केला आणि माझी चूक कुठे झाली ते सापडलं. असा कागद घरात येतो तेव्हा तो एका माणसाचा थोडाच असतो. रेशन कार्ड असो, शिरगणती असो, घरातला मोठा माणूस सगळ्यांचं मिळून भरतो. मी आपला एकट्याचं भरून बसलो. सिनाबाई हसणार नाहीत तर काय.

म्हणून या वेळी नीट भरला आहे. पानाच्या कोऱ्या बाजूला पट्टीने रेघा मारून प्रत्येकाला रकाना दिला.

दत्तप्रसाद. झोप कमी. सकाळी साडेसहाला गाडी काढतो, तरी दुबईच्या रस्त्याला अडकतो. संध्याकाळी येतो तेव्हा गाडी लावून दहा मिनिटं आतच बसून राहतो. इंजिन बंद, दिवा बंद. मी बाल्कनीतून बघतो. विचारलेलं नाही.

कुंदा. उजवा गुडघा दुखतो. सांगत नाही, पण पोळ्या करताना सगळा भार डाव्या पायावर असतो.

तनिष. तब्येत उत्तम. पण त्याचा मित्र रेयांश चार महिने घरी आलेला नाही. विचारलं तर म्हणतो, "नथिंग, आबा." हा नथिंग बरा नाही.

हर्बर्ट. तो आता वसईला असतो हे मान्य, पण त्याला रकाना न देणं मला बरं वाटेना. फोनवर म्हणाला, "वासू, इथं सगळं फर्स्ट क्लास. एमिली खूश आहे. फक्त संध्याकाळी काय करायचं ते समजत नाही."

एवढं होईपर्यंत जागा संपली. शेवटी माझं नाव उरलं, तिथे लिहिलं : वासुदेव, वरीलप्रमाणे.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. कागद खराब झाला असेल तर दुसरा पाठव. आणि शेगडीवर हात ठेवून बघू नकोस, मी फक्त उदाहरण दिलं.

वासूआजोबा

*

ऑकलंड
२६ फेब्रुवारी

प्रिय आजोबा,

कागद खराब झालेला नाही. इथे भूकंप झालाय, तोही तुमच्यामुळे.

मी तुमचे रकाने एकेक करून सिनांना इंग्रजीत वाचून दाखवले. दत्तामामा गाडीत बसून राहतो ते ऐकून त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "आता बोलायला लागला हा. पण अजून दारात उभा आहे. घरातल्या सगळ्यांचं सांगतोय आणि स्वतः आत येत नाही. त्याला आत ये म्हणावं."

त्यांच्या बेटावरचं जुनं घर कसं असतं, तेही त्यांनी सांगितलं. गोल छप्पर, खाली खांब, आणि भिंती नाहीत. सकाळी कोण उठलं नाही, हे रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसतं आणि तो हाक मारतो. "इथे आम्हाला भिंती मिळाल्या," त्या म्हणाल्या. "उबदार आहेत. पण आता कोण उठलं नाही ते कुणाला कळणार? तेवढं तुझ्या कागदाने कळव."

आता दर मंगळवारी हॉलमध्ये चटया टाकून आम्ही बसतो. मी, सिना आणि आणखी सात जण. बेचाळीसांतले तीसच्या वर प्रश्न त्यांनी काढून टाकले. माझ्या बॉसने विचारलं, एका आजोबांनी रेशन कार्डासारखा फॉर्म भरला, त्या चुकीचं काय केलंस? मी म्हटलं, त्या चुकीवरूनच नवा फॉर्म केला. आता तो घराघराचा असेल. आणि तो वाटायचा नाही. ओळखीच्या माणसाने समोर बसून, काहीतरी खात-पीत विचारायचा.

तुमच्यासाठी त्यातले तीन प्रश्न पाठवते. तुम्ही जेवता तेव्हा सोबत कोण असतं? तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत तर सगळ्यांत आधी कोण विचारेल? आणि, घरच्यांना काळजी नको म्हणून तुम्ही काय सांगितलेलं नाही?

चौदावा प्रश्न मात्र राहिला. मागच्या वर्षांच्या आकड्यांशी ताडून बघायला ऑफिसला तो लागतो. सिना म्हणाल्या, राहू दे, पण सगळ्यांत शेवटी विचार. त्याआधी माणूस बोलता झाला असेल तर त्याला आकडा सांगायची लाज वाटणार नाही.

वडीलधाऱ्यांची बैठक सहा एप्रिलला आहे. तुमच्यासमोर कोण बसेल? कुंदामामीला सांगू का?

ईरा

*

ऑकलंड
१२ मार्च

आजोबा,

दोन आठवडे झाले, तुमचं काही नाही. दत्तामामाला फोन केला तर म्हणाला, "आबा ना? ठीक आहेत, टीव्ही बघतायत." तुम्ही टीव्ही कधीपासून बघायला लागलात? तुम्हाला तर बातम्यांची काळजी वाटते.

सर्व्हे राहिला तर राहू दे. काम काय, दुसरं मिळेल. पण दोन ओळी पाठवा.

ईरा

*

अल नहदा, शारजा
२० मार्च

चि. ईरा,

दोन ओळी मागितल्यास, पण तेवढ्यात मावणार नाही.

तुझा नवा कागद पंधरा दिवस उशीखाली होता. कुंदासमोर बसून मला लिहिता आलं नसतं. मग एक युक्ती सुचली. ओळखीचं माणूस समोर हवं, तर मुझम्मिल ओळखीचा आहे, आणि त्याला मराठी येत नाही. तो समोर बसेल, मी लिहीन. सिनाबाईंची अटही राहील आणि घरात वाच्यताही होणार नाही. स्वतःच्या हुशारीवर मी दोन दिवस खूश होतो.

आता खरं काय ते सांगतो. जानेवारीपासून मला लिफ्टमध्ये चक्कर येते. मजल्याचे आकडे दाराच्या वर लागतात. ते बघायला मान वर केली की सगळी लिफ्ट गरगर फिरते. पहिल्यांदा मला वाटलं लिफ्टच बिघडली आहे. वॉचमनकडे तक्रार केली. त्याने कंपनीचा माणूस बोलावून दिवसभर लिफ्ट तपासून घेतली. लिफ्ट उत्तम निघाली.

म्हणून मी बाकावर जात नव्हतो. मुझम्मिलपर्यंत तेवढा जायचो, मान खाली घालून, भिंत धरून. घरात सांगितलं तर दवाखाना आला, दवाखाना आला की रिपोर्ट, रिपोर्ट आला की व्हिसाच्या वेळी प्रश्न, आणि मग एक दिवस दत्तप्रसाद म्हणणार, "आबा, गावाला जाता का?" कणकवलीला घर आहे, पण घरात माणूस नाही. तिथे मला चक्कर आली तर ती फक्त मलाच कळणार.

हे सगळं मी मुझम्मिलच्या दुकानात बसून तिसऱ्या प्रश्नाखाली लिहिलं. रमजान चालू आहे, इफ्तारला तासभर होता, गिऱ्हाईक नव्हतं. लिहून झाल्यावर कागद त्याच्याकडे दिला. त्याने तो मशीनवर ठेवला नाही. हातात धरून बघत बसला. मला वाटलं, शाई फिकी आहे की काय.

मग म्हणाला, "काका, लिफ्टमध्ये चक्कर येते तर एकटे कशाला उतरता?"

मराठीत. माझ्यापेक्षा स्वच्छ मराठीत.

म्हटलं, "तुला मराठी येतं?"

"श्रीवर्धनचा आहे मी. सातवीपर्यंत मराठी शाळेत. आपलं दोघांचं शिक्षण सारखंच की."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीस ते?"

"पहिल्याच दिवशी तुम्ही दारातून म्हणालात, तुम केरलावाले लोग काम में पक्के. एवढं कौतुक कोण करतं, काका? म्हटलं, चला, केरळ तर केरळ."

"म्हणजे माझी सगळी पत्रं तू..."

"स्कॅन सरळ आलं का ते बघावं लागतं ना." आणि वर म्हणतो, "ईराताईंना सांगा, शेगडीला लाल दिवा असतो. गरम असली की पेटतो. हात लावायची गरज नाही."

मी रागावलो. कागद परत मागितला. तो देईना. म्हणाला, हा आधी वर तुमच्या घरी जाईल, मग ऑकलंडला. म्हटलं, तू टायपिंग सेंटर आहेस की कोर्ट? तर त्याने दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं. दोन दिवस दिसला नाहीत तर कोण विचारेल, तिथे मी लिहिलं होतं, 'कोणी नाही. घरातले कामात असतात.'

"हे चुकीचं आहे," म्हणाला. "गेल्या महिन्यात तुम्ही नऊ दिवस दिसला नाहीत. मी वॉचमनला दोनदा विचारलं. आणि माझी अम्मी रोज फोनवर विचारते, ते काळजीवाले काका कसे आहेत?"

त्याच्या आईचं नाव हव्वाबी. श्रीवर्धनला असते. मुलगा दुकान बंद केल्यावर फोन करतो आणि माझ्या पत्रात काय होतं ते तिला सांगतो. म्हणजे माझं गुपित समुद्र ओलांडून कोकणात पोचलं होतं. फक्त चौथ्या मजल्यावर आमच्या घरी पोचायचं राहिलं होतं.

एवढ्यात बांग झाली. त्याने डबा उघडला, एक खजूर काढला, बी काढून अर्धा मला दिला. दिवसभराचा उपाशी माणूस, पण आधी माझ्या हातावर ठेवला. मग आम्ही दोघांनी भजी खाल्ली. मी कागद मागून घेतला आणि पहिल्या प्रश्नाखाली, जेवताना सोबत कोण, तिथे त्याचं नाव वाढवलं. दुसऱ्या प्रश्नाखालचं 'कोणी नाही' खोडलं आणि तिथेही तेच नाव लिहिलं. रजिस्टरमध्ये खाडाखोड करायची मला सवय नाही, पण चुकीची नोंद राहू देणं त्याहून वाईट.

"यल्ला, चला काका," म्हणाला आणि दुकानाला कुलूप लावून माझ्याबरोबर लिफ्टमध्ये आला. "आकडे मी बघतो. तुम्ही माझ्याकडे बघा."

दार कुंदाने उघडलं. मी तिला आणि दत्तप्रसादला बसवून सगळं सांगितलं. मुझम्मिल चपला घालूनच दारात उभा होता, मी मधलं काही गाळतो का ते ऐकत. कुंदा शांतपणे म्हणाली, "आबा, पॅसेजच्या भिंतीवरचे तुमच्या हातांचे डाग जानेवारीपासून पुसतेय मी. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील." मग मुझम्मिलला म्हणाली, "आत या हो, चहा टाकते."

मग मीच दत्तप्रसादला म्हटलं, गावाला जायचं असेल तर मी तयार आहे. तर म्हणाला, "तुम्ही गेलात तर मी या घरात भांडू कुणाशी? कुंदाशी भांडायची माझी हिंमत नाही."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कानाच्या आत बारीक खडे असतात, ते जागचे हलले आहेत. मला टेबलावर आडवं केलं, मान एकीकडे वळवली, मग दुसरीकडे, मग कुशीवर. आधी जग फिरलं आणि मग थांबलं. व्हिसाशी याचा काही संबंध नाही, हे मी त्यांना तीनदा विचारून घेतलं. चौथ्यांदा दत्तप्रसादने विचारू दिलं नाही.

तनिष म्हणाला, "आबा, यू हॅव लूज पार्ट्स." अठ्ठावीस वर्षांत माझ्या स्टोअरमधला एक बोल्ट जागचा हलला नाही, आणि स्वतःच्या कानातला माल इकडचा तिकडे. सगळे हसले, मीही हसलो.

कागद सोबत पाठवतो. या वेळी घरच्यांनी वाचलेला आहे. चौदावा प्रश्न रिकामा आहे. मोजून सांगतो. घाईत आकडा लिहिणं माझ्याकडून होत नाही.

वासूआजोबा

ता. क. मुझम्मिलने तुला सलाम सांगितला आहे. आता तो पत्रात सरळ बोट घालून चुका दाखवतो.

*

ऑकलंड
८ एप्रिल

माझ्या आजोबा,

परवा बैठक झाली. फोनवर तुम्ही परवानगी दिली होती म्हणून तुमचे कागद आणि ते पत्र मी हॉलमध्ये वाचून दाखवलं. नाव कुठेही घेतलं नाही. 'शारजाचे एक स्टोअरकीपर' एवढंच.

लिफ्ट तपासून घेतली तिथे सगळा हॉल हसला. तुम्हाला राग येणार नाही, कारण ते ज्या प्रेमाने हसले ते ऐकून तुम्हीही हसला असता. अर्ध्या खजुराशी कुणी हसलं नाही.

वाचून झालं आणि मागच्या बाकावरचे एक टोंगाचे आजोबा काठी टेकत उठले. मोठे, धिप्पाड. मला वाटलं, आता विरोध करणार. ते म्हणाले, "माझ्या पायाला दोन महिने जखम आहे. मुलीला सांगितलेलं नाही." त्यांची मुलगी पुढच्याच बाकावर बसली होती. ती मागे वळली. बाकीचं सगळं हॉलने ऐकलं, पण ते त्यांच्या भाषेत होतं. संध्याकाळी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली, हे मला कळलं.

सिना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कागद भरायला सुरुवात झाली बघ."

सगळ्यांनी हो म्हटलं, आजोबा. अडीचशे कुटुंबं. ईस्टरनंतर सुरू करतोय. माझं काम पुढच्या वर्षापर्यंत पक्कं झालं. आईला आता सगळं सांगितलं, तिने आधी मला झापलं आणि मग तुम्हाला फोन करते म्हणाली. तयार राहा.

निघताना सिनांनी विचारलं, त्याचा शेवटचा प्रश्न रिकामा का? मी म्हटलं, मोजतायत. त्या म्हणाल्या, "मोजू दे. मोजतोय म्हणजे खरं लिहिणार." आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या की त्यांनी भावाला फोन केला. सहा वर्षांनी. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. त्या खूप वेळ ताट पुसत होत्या, जे आधीच कोरडं होतं.

तुमची
ईरा

ता. क. शेगडीला लाल दिवा आहे. मी आजच बघितला.

*

अल नहदा, शारजा
२७ एप्रिल

चि. ईरा,

तुझ्या आईचा फोन आला. पन्नास मिनिटं. त्यातली चाळीस मी ऐकत होतो. मामा म्हणून एवढं ऐकावंच लागतं.

त्या टोंगाच्या गृहस्थांचा पाय कसा आहे ते कळव. शुगर असेल तर जखम हलक्यात घेऊ नये म्हणावं. त्यांना नाव सांगायचं असेल तर माझं नाव सांगितलंस तरी चालेल. दत्तप्रसाद म्हणतो, आता श्रीवर्धनला माहीत आहे, ऑकलंडला माहीत आहे, राहिलंय कोण? सिनाबाईंना सांग, भावाचा फोन आला नाही तर त्यांनी पुन्हा करावा. मोजू नये कुणी किती वेळा केला.

मी रोज साडेपाचला खाली उतरतो. आकडे बघत नाही, लिफ्ट थांबली की बाहेर येतो. एकदा दुसऱ्याच मजल्यावर बाहेर पडलो, तर तिथल्या शहनाझबाईंनी सरबत दिलं. मुझम्मिलने बाकाशेजारी दुकानातली खुर्ची आणून ठेवली आहे. सहा वाजता हर्बर्ट वसईहून व्हिडिओवर येतो. तनिषने फोन बाकाच्या पाठीला रबराने बांधून दिला आहे, हर्बर्ट बरोबर माझ्या डाव्या हाताला येतो. पाच मिनिटं आम्ही काहीच बोलत नाही. पूर्वीही बोलत नव्हतो. परवा त्या बांधाबांधीला तनिषबरोबर रेयांश आला होता. मी काही विचारलं नाही. सरबत मागवलं.

दत्तप्रसाद गाडी लावून अजूनही दहा मिनिटं बसतो. फक्त आता गाडीत नाही, बाकावर बसतो. हर्बर्ट त्याला फोनमधून ऑफिसचं विचारतो, हा सांगतो. मला इतकी वर्षं सांगितलं नाही ते सगळं फोनला सांगतो. मी ऐकतो. कुंदाने गुडघा दाखवला. खुर्चीत बसून पोळ्या करायला सांगितलंय. तिला ते पटलेलं नाही, पण बसते.

व्हिसाचा अर्ज मुझम्मिलनेच टाइप केला. मी म्हटलं, नीट वाच, काही चुकलं तर? तर म्हणाला, "काका, बेचाळीस प्रश्नांतून पास झालात, हा तर एकच पानाचा आहे. इन्शाल्ला होईल." तरी मी दोनदा वाचून घेतला.

आता चौदावा प्रश्न. गेल्या तीस दिवसांत किती दिवस तुमची तब्येत बरी नव्हती. थोडीफार चक्कर परत आली त्या दिवसांवर कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या, त्या मोजल्या. मग कुंदाला मोजायला सांगितलं, तिचाही तोच आकडा आला. तेव्हा लिहून घे :

पाच. पाचही दिवस घरात सगळ्यांना माहीत होतं. श्रीवर्धनलासुद्धा.

वासूआजोबा